तिच्या वाटणीची माळ

माझा हात कपाळाला लागला तेव्हा मी देवघरासमोर नव्हते, म्युझियममध्ये होते, आणि काचेमागे जे होतं ते देवाचं नव्हतं. कवड्या होत्या. एक फुटका मातीचा घडा आडवा ठेवलेला, त्याच्या तोंडातून ओघळल्यासारख्या पसरलेल्या पिवळट कवड्या, ढीगच्या ढीग, वरून एक बारीक दिवा सोडलेला. कवड्या दिसल्या की आमच्याकडच्या बाईचा हात जातोच. चालत्या बसमधून देऊळ दिसलं की जातो, तसा. मी दोन बोटं काचेला लावली, कपाळाला लावली, तोंडातल्या तोंडात ‘उदो’ म्हटलं आणि मग चष्मा वर सरकवून पाटी वाचायला घेतली. पाट्या मी सगळ्या वाचते. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं तेव्हापासून जे काय शिकले ते पाट्यांवरून, डब्यांवरच्या मजकुरावरून आणि लायब्ररीतून. त्यामुळे आधी नमस्कार आणि मग वाचन हा क्रम माझ्या बाबतीत नवा नाही. पाटीवर लिहिलं होतं की हे चलन होतं. ह्या कवड्या मोजून माणसं घेतली जायची. पुरुषाला किती, बाईला किती, पोराला किती, तेही लिहिलं होतं. आकडे मी वाचले आणि तिथंच सोडले, बरोबर आणले नाहीत. हात मात्र सोडून येता येत नाही. तो माझ्याबरोबर होता, खांद्यापासून लोंबत, नुकताच कपाळाला लागून आलेला.

शेजारी सेलासी उभी होती. सेलासी म्हणजे माझी सून. महिन्यापूर्वी अंकुरनं तिच्याशी रजिस्टर लग्न केलं. घानातली, समुद्रकाठच्या गावातली मुलगी; इथं शिकायला आली, राहिली, आता नोव्हेनाला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. अंकुरचा गुडघा फुटबॉल खेळताना दुखावला, तो तिनं बरा केला आणि मग बाकीचा अंकुर घेतला. तिच्या गावात एक छोटंसं म्युझियम आहे, जुन्या व्यापाऱ्याच्या घरातल्या चार खोल्या. तिथल्या थोड्या वस्तू काही महिन्यांसाठी इथे आणल्या होत्या. बुधवारी तिला संध्याकाळपर्यंत मोकळीक होती. “आंटी, आपण दोघीच जाऊ,” ती म्हणाली होती, आणि मला इतकं बरं वाटलं होतं की मी इस्त्रीची साडी नेसले होते. सूनबाईचं माहेर बघायला निघाल्यासारखी.

“तुम्ही आत्ता त्याला नमस्कार केलात?” तिनं विचारलं. ती इंग्रजीत बोलते, माझ्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचं मराठी झालेलं असतं.

“केस सारखे करत होते,” मी म्हटलं.

“केस तर बांधलेत.” ती हसली. तिचं हसू मोठं आहे, म्युझियमात न शोभणारं. एक जपानी जोडपं वळून बघायला लागलं.

मी तिचा हात धरला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं, समजूतदार बोलावं. पाटी वाचून नुकतीच शहाणी झालेली बाई जे बोलते ते मी बोलायला लागले, की तुझ्या लोकांवर काय गुजरलं असेल गं, कल्पनाच करवत नाही. तिनं मला पुरं बोलू दिलं. रुग्णांना बोलू देत असेल तसं. मग म्हणाली, “आंटी, आम्हाला कोणी विकलं नाही. आम्ही विकत होतो. हा घडा आमच्या घरातला आहे.”

तिनं सांगितलं ते तिथंच, काचेपासून दोन हात लांब उभं राहून. मी जवळ गेले तरी ती पुढे आली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तिच्या आजीच्या पणजोबांचा धंदा होता. आतल्या मुलखातून माणसं यायची, गलबत येईपर्यंत ती ठेवायला घराच्या मागे एक खोली होती. कवड्यांचे घडे परसात पुरलेले. पुढे धंदा गेला, कवड्यांचं मोल गेलं, घडे मातीतच राहिले. पण घरातल्या बायकांत एक नेम पडला. कवडीला शिवायचं नाही. खेळात नाही, केसात नाही, दागिन्यात तर नाहीच. बाजारात एखादीच्या गळ्यात दिसली तर रस्ता बदलायचा. का, ते पुरुषांनी कधी विचारलं नाही आणि बायकांनी कधी सांगितलं नाही. आजीनं सेलासीला सांगितलं ते घडा म्युझियमला देऊन टाकल्यावर. मागच्या खोलीतल्या माणसांसाठी स्वयंपाक करायचं काम घरातल्या बायकांचं होतं. त्या चांगलं करून घालायच्या. मासे घालून, पामचं तेल घालून. मुद्दाम पोटभर घालायच्या, कारण वाळलेल्या माणसाला कवड्या कमी यायच्या.

“आजी म्हणते, त्या दयाळू होत्या,” सेलासी म्हणाली. “त्यांनी कधी कोणाला उपाशी ठेवलं नाही. हेच तिला सहन होत नाही.”

बोलण्यासारखं होतं ते मी आधीच बोलून बसले होते.

आता इथे मला सांगायला हवं की शुक्रवारी आमच्याकडे काय होतं. वेसाकची, म्हणजे इथल्या बुद्धपौर्णिमेची, सुटी शुक्रवारी आली होती, देवीचा वार, म्हणून कुळधर्म ठरवला होता. आमची कुलस्वामिनी तुळजाभवानी. आमच्या सासरी रीत अशी की लग्न होऊन नवी सून घरात आली की देवीसमोर बसवून तिच्या गळ्यात कवड्यांची माळ घालायची आणि हातात परडी द्यायची. ती माळ घातली की ती घरची झाली. रजिस्ट्रारनं सही घेतली ती सरकारसाठी; आमच्यासाठी सून होते ती माळेनं. आणि ती माळ येऊनही पोचली होती. माझी मोठी नणंद, सुरेखावन्सं, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिनेही झाले नसताना बार्शीहून तुळजापूरला गेल्या, नव्या कवड्या नव्या दोऱ्यात ओवून घेतल्या, देवीच्या पायाला लावल्या आणि विमानात अख्ख्या प्रवासभर मांडीवर घेऊन बसल्या. बॅगेत टाकली नाही. हवाईसुंदरीनं “वर ठेवू का?” विचारलं तर म्हणे त्यांनी तिलाच नमस्कार करायला लावला.

हे सगळं मला त्या काचेसमोर उभं असताना आठवत होतं असं नाही. आठवायला मधे जागा लागते. ते सगळं एकदमच अंगावर आलं, घडा, माळ, वन्सं, आणि माझ्या हातातला सेलासीचा हात. हा हात शुक्रवारी परडी धरणार होता. असं वाटलं की भिंतीला दार होतं ते कोणीतरी बाहेरून ओढून घेतलं. आपण आत आहोत हे कळायला आधी दार लागल्याचा आवाज यावा लागतो.

परतताना मेट्रोच्या गाडीत बसायला जागा मिळाली. समोरच्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो, बोगद्याच्या काळोखावर चिकटवल्यासारख्या. ती उंच, ताठ, मी तिच्या दंडापर्यंत. एक मुलगी आमच्याकडे बघून तिच्या मैत्रिणीला काहीतरी म्हणाली. सवय आहे. ह्या देशात, जुरोंग ईस्टला, आम्ही राहायला आलो तेव्हा मी एकटी असले तरी लोक बघायचे, कारण माझ्या गळ्यात साडीवर ती माळ असायची, मंगळवारी आणि शुक्रवारी. पाच घरी जोगवा मागायची रीत. मी परडी घेऊन कॉरिडॉरमध्ये निघायचे. मराठी घर त्या अख्ख्या ब्लॉकमध्ये आमचंच. पहिलं दार मिसेस टॅनचं. मी काय मागते आहे ते त्यांना कळलं नाही आणि मलाही ते इंग्रजीत कसं मागायचं ते येत नव्हतं. त्या आत गेल्या, इन्स्टंट नूडल्सचं पाकीट आणून परडीत ठेवलं, वर एक संत्रं ठेवलं आणि माझ्याबरोबर त्यांनीही हात जोडले. देवीला त्या दिवशी कोंबडीच्या चवीच्या नूडल्सचा जोगवा गेला. मी नवऱ्याला, श्रीनिवासला, सांगितलं तर तो तासभर हसत होता. मी हसले नव्हते. मला वाटलं होतं, निदान कोणीतरी दार उघडलं.

“शुक्रवारी मला काय करायचं असतं?” सेलासीनं विचारलं. “अंकुर म्हणतो, छोटीशी पूजा. दहा मिनिटं.”

हा तो क्षण होता. मला तो ओळखूही आला. गाडी सरळ धावत होती, पुढचं स्टेशन यायला वेळ होता, ती माझ्याकडे बघत होती आणि मी मान वळवून तिच्या पर्सच्या बंदाकडे बघत होते. सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती. ती नाही म्हणणारी मुलगी आहे, नम्रपणे म्हणते, पण म्हणते. मग ते नाही मला घरी घेऊन जायला लागलं असतं, वन्संसमोर ठेवायला लागलं असतं. मी म्हटलं, “काही नाही गं. साडी नेसायची आणि बसायचं. बाकी आम्ही करतो.”

बाकी आम्ही करतो. माझ्या सासूबाई मला हेच म्हणाल्या होत्या. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या परीक्षेचं हॉलतिकीट पिशवीत घेऊन लग्नाला उभी राहिलेली, कारण सासरच्यांनी परीक्षेला पाठवू म्हणून सांगितलं होतं. देवीसमोर बसवलं. मागून कोणीतरी माझी वेणी उचलली, आणि मग ती माळ, गार, मानेपासून छातीपर्यंत, एखादा प्राणी उतरावा तशी. कवडीची पोटाकडची बाजू दातेरी असते. ती कातड्याला लागत होती. हलले की खळखळ. मला पोळ्याचे बैल आठवले, शिंगं रंगवलेले, गळ्यात अशाच कवड्यांचे पट्टे. ते हलले की असाच आवाज येतो, आणि लोक म्हणतात किती छान दिसतोय. “किती छान दिसतेय,” सासूबाई म्हणाल्या. “आता तू ह्या घरची.” त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मला दोन वाट्या खीर आग्रहानं घातली. परीक्षा सोमवारी होती, सोमवारी पाहुणे होते. पुढे त्या माळेची सवय झाली, सवयीची ओढ झाली, आणि परक्या देशात कॉरिडॉरमध्ये उभी राहिले तेव्हा तीच एक ओळखीची गोष्ट अंगावर होती. हे दोन्ही खरं आहे आणि मला त्यातलं एक निवडता येत नाही. जे गळ्यात पडतं त्याच्यावर माणूस प्रेमही करायला लागतं; कवड्यांच्या आवाजानं मला आजही झोप लागते.

संध्याकाळी अंकुर जेवायला आला, सेलासीची ड्यूटी होती म्हणून एकटाच. वन्सं आत पडल्या होत्या. मी त्याला घड्याची गोष्ट सांगितली, आजीचा नेम सांगितला.

“मला माहितीये,” तो म्हणाला, पोळी मोडत. “तिनं सांगितलंय मला.”

“मग तू तिला माळेचं सांगितलंस?”

“आई, चिल लाह,” तो इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाला. “दहा मिनिटं घालेल, काढेल. ती त्याचं एवढं मोठं नाही करणार. ती सायन्सची आहे.”

“विचार तरी तिला.”

“विचारलं तर नाही म्हणेल ना,” तो म्हणाला. “नाही विचारलं तर होऊन जाईल.” आणि त्यानं कोशिंबीर मागितली.

मी माझ्या मुलाकडे बघत राहिले. त्याच्या कपाळावर लहानपणी पडलेली खोक आहे. इथल्या शाळेत शिकला, इथेच सक्तीच्या सैन्यसेवेत दोन वर्षं काढून आला, घरात पायपुसणंसुद्धा वाकडं झालं तर सरळ करतो. वाईट नाही. आमच्या घरात कोणीच वाईट नाही, हीच तर अडचण आहे. मी कोशिंबीर वाढली. श्रीनिवास म्हणाला, “ताईला दुखवू नकोस, बाकी तुला योग्य वाटेल ते कर.” आमच्या लग्नाला तीस वर्षांवर होऊन गेली. ‘तुला योग्य वाटेल ते’ ह्या वाक्याआधी तो नेहमी एक कुंपण घालतो, मग मला मोकळं सोडतो.

गुरुवारी दुपारी मी वन्संना सांगायचं ठरवलं. त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या, मी गुडघ्याला तेल लावत होते. माळ उशाशी, लाल फडक्यात. शब्द मी स्वयंपाकघरात जुळवून आणले होते. वन्सं, तिच्या घरी कवडी चालत नाही. इतकंच. त्यामागचं काही नाही. गुलाम, घडा, खोली, काही नाही. एकेकाच्या घरी एकेक चालत नाही, हे वन्संना पटतं. त्यांच्या जाऊबाईंकडे भोपळा चालत नाही.

“नीता,” त्याच आधी म्हणाल्या, “पोरगी गुणाची आहे गं.”

“हो.”

“माझा गुडघा बघितला तिनं परवा. खाली बसून बघितला, जमिनीवर. आमच्याकडचा डॉक्टर खुर्चीतून उठत नाही.” मग म्हणाल्या, “मला आधी वाटलं होतं, काळी पोरगी, परका धर्म. बोलले मी फोनवर श्रीनिवासला, खोटं कशाला सांगू. मग म्हटलं, देवीला विचारू. देवीला काय, तिच्याकडे सगळ्या सारख्या.” त्यांनी फडक्यावर हात ठेवला. “तुझे भावजी गेले तेव्हा दिवसभरात माझं सगळं काढून नेलं. कुंकू, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र. जावा माळेला हात घालायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, ही नवऱ्याची नाही, ही देवीची आहे. ही ठेवा. आणि ठेवली त्यांनी. घाबरल्या. तेवढी एक राहिली माझ्या अंगावर.” तेल जिरलं होतं, तरी मी चोळत होते. “सूनबाईला म्हणून मुद्दाम मोठ्या कवड्यांची आणली. कोणी काही काढून घेतलं तरी ही नेत नाहीत, सांग तिला. तुझं इंग्रजी चांगलं आहे.”

मी हो म्हटलं. खोलीला खिडकी आहे, तिच्यातून खालचा स्विमिंग पूल दिसतो. पूलमध्ये कोणी नव्हतं, पाणी आपलं आपण हलत होतं. मला वाटलं, ज्या समुद्रातून ह्या कवड्या येतात तो एकच. काचेखालच्या पाटीवर लिहिलं होतं की तिकडे गेलेल्या कवड्या आमच्याच बाजूच्या समुद्रातल्या, गलबतांच्या तळाशी घालून नेलेल्या. म्हणजे एकाच पाण्यातून निघाल्या आणि काही वन्संच्या गळ्यात येऊन पडल्या, काही त्या घड्यात. कवडीला काय ठाऊक. आणि मी दोन्हींच्या मधे तेलाची वाटी धरून. त्या संध्याकाळी मी सेलासीला फोन केला. तीनदा रिंग गेली, तिनं उचलला, मागे हॉस्पिटलचा गलबला. मी विचारलं, साडीवर ब्लाउज होतोय ना? ती म्हणाली, होतोय. मी म्हटलं, बरं.

शुक्रवारी सकाळी हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला, पाट मांडला, चौरंगावर देवी. माझी मैत्रीण वल्लरी आली होती. ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण जोगव्याची गाणी तिला सगळी पाठ. तिनं संबळाचा ठेका मोबाईलवर लावला, हळू, कारण खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. सेलासी पिवळी साडी नेसून आली. मी नेसवायला गेले तर तिनं नेसून घेतलेली होती, व्हिडिओ बघून, निऱ्या माझ्यापेक्षा चोख. पाटावर बसली. वन्संनी हळदकुंकू लावलं, ओटी भरली. ओटीतला नारळ सांभाळत ती माझ्याकडे बघून हसली, बरोबर करतेय ना, अशी. मी मान हलवली.

मग वन्संनी फडकं सोडलं.

आधी आवाज आला. मी सेलासीकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. ती ओरडली नाही, उठली नाही. तिचे दोन्ही हात नारळ सोडून पाठीमागे गेले आणि एकमेकांत अडकले, लहान मुलाला फटका बसणार असेल तर जातात तसे. नारळ पदरातून घरंगळून पाटाखाली गेला. तिनं वर बघितलं ते वन्संकडे नाही, अंकुरकडे नाही, माझ्याकडे. त्या नजरेत राग असता तर मी सुटले असते. तिला फक्त कळत होतं, बुधवारपासूनचं सगळं, गाडी, फोन, ब्लाउज. कळत होतं आणि ती ते एकेक करून बघत होती.

“दहा मिनिटं,” अंकुर हळूच म्हणाला. “जस्ट टेन मिनिट्स, ओके?”

वन्संचे हात माळ धरून वर गेलेले. त्यांना गुडघ्यावर फार वेळ उभं राहवत नाही. वल्लरी गाणं म्हणतच होती, तिला काही दिसलं नव्हतं. मला ठाऊक आहे, तिथे बोलायला अजून जागा होती. दोन वाक्यं. पण बोलणं म्हणजे वन्संच्या हातातली माळ हवेत राहणं, आणि न बोलणं म्हणजे ती खाली येणं. मला दोन्ही बघवेना. मी पाटाजवळ गुडघे टेकले, सेलासीच्या आणि त्या हातांच्या मधे मान घातली आणि म्हटलं, “माझ्या गळ्यात घाला, वन्सं. तिच्या वाटणीची मी घेते.”

गाणं थांबलं.

“म्हणजे?” वन्सं म्हणाल्या. “तुझी आहे की तुला.”

“ही पण घेते.”

“असं कुठं असतं का? का पण?”

“तिच्या घरी कवडी चालत नाही.”

बघा, किती सोपं होतं. वाक्य तेच, गुरुवारी तयार केलेलं, जरासुद्धा शिळं झालेलं नव्हतं. वन्संनी सेलासीचे पाठीमागे बांधलेले हात बघितले, आणि त्यांना काहीतरी समजलं. काय ते मला कळलं नाही. पण जावा भोवती उभ्या असताना आपल्या गळ्याला हात लावून बसलेल्या बाईला जे समजेल ते असावं. “बरं,” त्या म्हणाल्या. “पण मग काढायची नाही, नीता. देवीची वस्तू हवेत ठेवायची नाही. सूनबाई मागेल तेव्हा काढून तिला द्यायची. तोवर तुझ्याकडे.” आणि मानेवर तो गारवा उतरला. त्यांनी मागे गाठ मारली, घट्ट, दोनदा. “उदो,” त्या म्हणाल्या. “उदो,” आम्ही सगळे म्हणालो. अंकुरचा चेहरा सैल पडला. श्रीनिवासनं माझ्याकडे अशा अभिमानानं बघितलं, जणू त्यानंच काहीतरी केलं होतं.

मला बरं वाटत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. स्वयंपाकघरात शिऱ्याखालचा गॅस मोठा करताना मला अगदी हलकं वाटत होतं, दोन माळा घालून. कोणाला दुखवलं नाही, कोणाला भाग पाडलं नाही. अंकुर वल्लरीला खाली टॅक्सीपर्यंत सोडायला गेला. सेलासी आत आली आणि दाराशी उभी राहिली, मधे ओटा ठेवून.

“थँक यू,” ती म्हणाली.

“वेडी आहेस का,” मी म्हटलं. “त्यात काय.”

“त्या शेवटी काय म्हणाल्या?”

सांगितलं मी तिला. ह्यावेळी सांगितलं. की तू मागशील तेव्हा काढायची.

“आणि मी नाही मागितली तर?”

“तर माझ्याकडे. मला सवय आहे गं.”

ती माझ्या गळ्याकडे बघत होती. मग माझ्या तोंडाकडे. “म्हणजे मी रोज तुम्हाला बघणार,” ती म्हणाली, “आणि रोज मला दिसणार की तुम्ही माझं घातलं आहे.” तिचा आवाज चढला नव्हता. रुग्णाला हाड कुठे मोडलंय ते सांगावं तसा होता. “परवा तुम्ही मला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. सगळे माझ्यावर रागावले असते. ते चाललं असतं मला. आता मी तुम्हाला कुठल्या गोष्टीला नाही म्हणू शकेन, आई?”

आई. तोवर आंटी म्हणत होती. ह्या एका शब्दाची मी महिनाभर वाट बघितली होती.

मी दोन्ही हात मानेमागे नेले. गाठ सापडली, पण दोऱ्यात केस अडकले होते, आणि वन्संची गाठ बार्शीची, ओल्या दोऱ्याची. नखानं धरली की निसटायची. जुनी माळ तिच्यात गुंतली होती. हात वर धरून खांदे दुखायला लागले. “थांबा,” सेलासी म्हणाली. ती ओट्याला वळसा घालून माझ्या मागे आली. तिचा श्वास मला मानेवर कळला. तिनं केस बाजूला केले, फार हलक्या हातानं, आणि मग बोटांची टोकं दोऱ्यावर आली, नुसत्या दोऱ्यावर, दोन कवड्यांच्या मधल्या तेवढ्याशा जागेत, कुठे शिवणार नाही अशी. मी हलत नव्हते. हलले असते तर एखादी कवडी तिच्या बोटाला लागली असती. बाहेरून वन्संनी हाक मारली, “अगं नीता, नैवेद्य आणतेस ना? सूनबाईला पण आण.” तिची बोटं थांबली, पुन्हा लागली. ती कण्यातले मणके सोडवणारी मुलगी आहे, तिला घाई नसते. पण मला कळत होतं की गाठ सुटत नाहीये आणि तिची बोटं दर वेळी कवडीच्या अजून जवळ जाताहेत.

“राहू दे,” मी म्हटलं.

आणि बोलून झाल्यावर कळलं की तिला न विचारता हेही मीच ठरवलं होतं.